कर्जासकट केसरी

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मंडईत जायचे, ही माझी चाळीस वर्षांची सवय. आता जिन्याखाली भुयारी मेट्रो धावते, गाळ्यागाळ्यावर मोबाइलने पैसे घेण्याचे चौकोनी कागद चिकटवले आहेत. पण उंच ओट्यावर मांडी घालून बसलेल्या भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी अजूनही हातात घेऊन झटकतात आणि मगच पिशवीत टाकतात. गेल्या महिन्यात असाच गवार निवडत उभा होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. मामा, तू मंडईत आहेस ना, मी तिथेच येतो, म्हणाला. रविवारी दहाच्या आत न उठणारा हा मुलगा साडेआठला मंडईत येतो म्हटल्यावर काम पैशाचे असणार, हे ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

भाच्याने तीन मित्रांबरोबर चार वर्षांपूर्वी एक कंपनी काढली. पुरंदर तालुक्यातल्या शेतकऱ्यांकडून भाजी घ्यायची आणि मोबाइलवर मागणी नोंदवणाऱ्या पुण्यातल्या घरांत पोचवायची. यालाच हल्ली स्टार्टअप म्हणतात. भाजीत फायदा झाला नाही. मात्र मागणीचा अंदाज बांधणारी जी संगणकप्रणाली या मुलांनी तयार केली ती चांगली निघाली, आणि तिच्यावर एका गुंतवणूकदाराची नजर गेली. त्याचे म्हणणे असे, की भाजीचा धंदा सोडा, प्रणाली घेऊन नवी कंपनी काढा, मी पैसे घालतो. जुनी कंपनी आहे तशी राहू द्या. यथावकाश तिचे काय व्हायचे ते होईल. त्या जुन्या कंपनीकडे त्रेचाळीस शेतकऱ्यांचे पैसे थकले आहेत. चौघांपैकी दोघे या योजनेला तयार आहेत, एक नाही, आणि भाच्याचे मन हेलकावे खाते आहे. नव्या कंपनीत प्रत्येकाने थोडी स्वतःची रक्कम घालावी अशीही अट आहे. म्हणून तो मामाकडे आला होता.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढले. तारण, जामीन, थकबाकी हे शब्द माझ्या तोंडात भाजीच्या भावासारखे बसलेले. पण त्या सकाळी मला बँकेतले काही आठवले नाही. आम्ही चहा घेऊन लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी उभे होतो. मी त्याला विचारले, हा माणूस कोण ते तुला माहीत आहे. पण यानेही भागीदारीत धंदा काढला होता, भागीदारांशी याचे फाटले होते आणि वाटणीही झाली होती, हे माहीत आहे का? तो हसला. टिळकांना स्टार्टअपमधले काय कळणार, असे त्याला वाटले असावे. मग मी जे सांगितले ते जरा नीट जुळवून इथे लिहितो.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६चा. १८७६ साली ते बी.ए. झाले, १८७९ साली कायद्याची पदवी मिळाली. त्या काळी अशा तरुणापुढे दोन राजमार्ग होते, सरकारी नोकरी किंवा वकिली. डेक्कन कॉलेजात त्यांचे आणि गोपाळ गणेश आगरकरांचे रात्र-रात्र बोलणे चालायचे, ते या दोन्ही वाटा सोडून तिसरी काढण्याविषयी. तेवढ्यात निबंधमालेचे कर्ते विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून पुण्यात आले. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे हेही येऊन मिळाले, आगरकर एम.ए. करून आले. पुढच्याच वर्षी, १८८१च्या जानेवारीत, मराठा आणि केसरी ही दोन साप्ताहिके निघाली, आणि ती छापायला आर्यभूषण छापखाना होता. मराठाचे संपादक टिळक, केसरीचे आगरकर. वये पंचविशीच्या आतबाहेर. शाळा, छापखाना आणि दोन पत्रे; चार धंदे, आणि माणसे मोजून पाच-सहा.

भाचा म्हणाला, भांडवल कुठले? मी म्हटले, भांडवल म्हणजे न घेतलेला पगार. आजही तुम्ही मुले पहिली दोन वर्षे तेच करता. शाळा चालू लागली, पत्रांना वाचक मिळू लागले. आणि दुसऱ्याच वर्षी संकट आले.

कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला आहे, अशा बातम्या आणि लेख या पत्रांनी छापले. त्यात तिथल्या दिवाणांवर आरोप होते. आधार म्हणून जी पत्रे हाती आली होती ती बनावट निघाली. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. जामिनाची रक्कम होती दहा हजार रुपये. शाळामास्तरांच्या खिशात एवढी रक्कम असणे शक्यच नव्हते. हा जामीन दिला रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी, आणि तो मिळवून दिला जोतीराव फुल्यांनी.

इथे मी भाच्याला मागे वळून मंडईच्या मनोऱ्याकडे पाहायला सांगितले. ही इमारत १८८६ साली झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरत असे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून हिचे नाव रे मार्केट पडले. फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा असे त्यांचे मत होते. पुढे १९३८च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. फुले आणि टिळक यांचे सामाजिक प्रश्नांवर जवळजवळ कुठेच जमले नाही. मुलींच्या शिक्षणाबद्दल, जातिभेदाबद्दल टिळकांच्या पत्राने पुढे जी भूमिका घेतली ती फुल्यांना मान्य होण्यासारखी नव्हती आणि आज आपल्यालाही पटण्यासारखी नाही. तरीही १८८२ साली दोन तरुण संपादक अडचणीत आले, तेव्हा पेठेतला कोणी सावकार पुढे आला नाही, फुल्यांच्या शब्दावर उरवणे आले. ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्यासाठी दहा हजारांची जोखीम उचलायची, हे जामीनदाराचे काम मी बँकेत तीस वर्षांत फार थोड्या वेळा पाहिले.

टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ला सुटले. आतले त्यांचे बोलणे कॉलेज काढण्याविषयी चालले होते, असे आगरकरांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. तरी काम थांबले नाही. २४ ऑक्टोबर १८८४ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ला फर्ग्युसन कॉलेज. संस्थानिकांच्या देणग्या आल्या. नामजोशी पैसे जमवण्यात वाकबगार. मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव कॉलेजला दिलेले. आजच्या भाषेत, मोठा गुंतवणूकदार आला, कंपनी नावारूपाला आली.

आणि नेमके तिथेच फाटायला सुरुवात झाली. यशाच्या आधी भांडायला वेळ नसतो.

भांडण कशावरून होते? लोक सांगतात, समाजसुधारणा आधी की राजकारण, यावरून. ते खरे आहेच. त्यामुळेच १८८७ साली आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढले. पण सोसायटीतला वाद वेगळा होता आणि आजच्या कोणत्याही स्टार्टअपच्या चालकांना तो लगेच कळेल. आजीव सभासदांनी ठराविक पगारात, सगळा वेळ संस्थेला देऊन वर्षानुवर्षे काम करायचे, अशी मूळची बोली. टिळकांचे म्हणणे, बाहेरचे काम करून मिळकत करायची नाही, वेळ दुसरीकडे द्यायचा नाही आणि पगार वाढवून मागायचा नाही. बाकीच्यांचे म्हणणे, संसार वाढले, संस्था वाढली, आता बोली जरा सैल करा. १८९० साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, तेव्हा वाद टोकाला गेला.

मला यात टिळकांची बाजू संपूर्ण बरोबर वाटत नाही. आगरकरांना दम्याचा विकार होता, घरची ओढाताण होती. संस्थेकडून थोडा जास्त आधार मागणे हा गुन्हा नव्हता. टिळक हट्टी होते आणि हिशेबात एक पै इकडची तिकडे होऊ न देणाऱ्या माणसाचा हट्ट भागीदारांना जास्तच जाचतो. बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. १८९०च्या अखेरीस त्यांनी सोसायटीचा राजीनामा दिला. दहा वर्षांची नोकरी नव्हे, दहा वर्षांपूर्वी स्वतः काढलेली संस्था सोडून ते बाहेर पडले. हातात कॉलेज नाही, पगार नाही, वय चौतीस.

राहिली ती पत्रे आणि छापखाना. ही मालमत्ता शाळेपासून आधीच वेगळी केलेली होती. तिचे भागीदार टिळक, वासुदेवराव केळकर आणि हरि नारायण गोखले. १८९१ साली तिचीही वाटणी झाली. आणि मला भाच्याला सांगायचे होते ते हेच. छापखाना ही कमावती वस्तू. यंत्रे, खिळे, बाहेरची कामे. उद्या विकायला काढला तरी पैसा उभा राहील असा धंदा. दोन्ही पत्रांवर मात्र कर्ज होते. टिळकांनी छापखाना भागीदारांना दिला आणि केसरी-मराठा कर्जासकट स्वतःकडे घेतले.

कर्ज फेडायचे तर उत्पन्न हवे. टिळकांनी वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी कायद्याचा वर्ग चालवला. निजामाच्या मुलखात लातूरला दोन भागीदारांबरोबर सरकी काढण्याचा कारखाना काढला. लोकमान्य टिळक कापसाच्या धंद्यात होते, हे सांगितले की लोक अजून चकित होतात. पत्रांनी घर चालवावे अशी अपेक्षाच त्यांनी ठेवली नाही. उलट, घर चालवायला दुसरा उद्योग करायचा आणि पत्र आपल्या पायावर उभे राहीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कायद्याच्या वर्गाला आणि पत्रांना मदत म्हणून १८९६ साली न. चिं. केळकर आले आणि शेवटपर्यंत राहिले.

केसरी वर्गणीदारांच्या बळावर वाढला. एखाद्या संस्थानिकाच्या किंवा शेठजीच्या मेहेरबानीवर तो कधी उभा नव्हता, म्हणून १८९७ आणि १९०८ या दोन राजद्रोहाच्या खटल्यांतूनही टिकला. संपादक-प्रकाशक म्हणून नाव टिळकांचे होते. छापलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांनी दुसऱ्या कोणावर ढकलली नाही. पहिल्या वेळी अठरा महिने, दुसऱ्या वेळी सहा वर्षे. मधल्या काळात सयाजीराव गायकवाडांचा पुण्यातला वाडा विकत घेऊन पत्राला स्वतःची जागा केली. देवनागरीचे शेकडो खिळे कमी करून यंत्रावर जुळणी कशी होईल, याच्या खटपटीत त्यांनी वर्षे घातली. गीतेवर ग्रंथ लिहिणारा माणूस टाइपांचे आराखडे काढत बसे.

भाचा मध्येच म्हणाला, मामा, हे कर्जाचे झाले. पण माझ्यापुढचा प्रश्न दुसऱ्याच्या पैशाचा आहे. गुंतवणूकदार पैसे घालतो तेव्हा बुडण्याची तयारी ठेवूनच घालतो ना?

प्रश्न बरोबर होता. व्हेंचर कॅपिटल, म्हणजे साहसाला दिलेले भांडवल, याचा हिशेब बँकेच्या कर्जाहून उलटा असतो. आम्ही बँकवाले शंभर कर्जांपैकी एक बुडाले तर रात्रभर जागतो. हे लोक दहा ठिकाणी पैसे घालतात, सात ठिकाणी बुडतात, दोन ठिकाणी जेमतेम सुटतात आणि एका ठिकाणी सगळ्यांची भरपाई होते. १९४६ साली अमेरिकेत बोस्टनला जॉर्जेस डोरिओ नावाच्या प्राध्यापकाने अशी एक कंपनी काढली. तिने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या नव्या कंपनीत सत्तर हजार डॉलर घातले आणि त्याचे पुढे कोट्यवधी झाले. त्या एका यशावर हा सगळा व्यवसाय जगभर वाढला. म्हणून गुंतवणूकदाराला राग नाही, लोभही नाही. त्याच्या वहीत जुनी भाजी-कंपनी बुडालेल्या सातांपैकी एक. पण ही वही त्याची आहे. पुरंदरच्या शेतकऱ्याने भाजी दिली ती दहांपैकी सात ठिकाणी बुडेल या हिशेबाने नाही दिली.

टिळकांच्या काळातही साहसाला भांडवल देण्याचा एक प्रयोग झाला, आणि तो पाहिला की दुसऱ्याच्या पैशाचे काय करायचे हे कळते. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांनी १८९९च्या सुमारास एक कल्पना मांडली. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा. लोक हसले. काळे गावोगाव फिरत राहिले. टिळकांनी ही कल्पना उचलून धरली, केसरीचे बळ तिच्यामागे उभे केले, आणि १९०५च्या स्वदेशीच्या लाटेत पैसा फंडाला वेग आला.

पैसा जमला, तेव्हा खरा निर्णय पुढे आला. दहा उद्योगांना थोडेथोडे द्यायचे की एकच उभा करायचा? नफा बघायचा की माणसे शिकवायची? फंडाने एकच उद्योग धरला, काचेचा. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले तज्ज्ञ. दिव्याच्या चिमण्या आणि बांगड्या तोवर परदेशातून येत. काच करणे हे पुस्तक वाचून येणारे काम नाही. भट्टी किती तापली हे डोळ्याला कळावे लागते, फुंकणीवर श्वास बसावा लागतो. म्हणून कारखाना हीच शाळा ठरली. ज्या वर्षी भट्टी पेटली त्याच वर्षी, २२ जुलै १९०८ला, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

पैसा देणाऱ्या कोणाला व्याज मिळाले नाही, हिस्सा मिळाला नाही. पण तळेगावला तयार झालेले कारागीर हिंदुस्थानातल्या ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. वार्ष्णेयांनी स्वतः पुढे उत्तरेत बहजोईला कारखाना उभा केला. पैसा फंडाचा परतावा असा फुटला, माणसांच्या रूपाने. आणि एक गोष्ट त्यात पहिल्यापासून स्वच्छ होती. पैसा देणाऱ्याला माहीत होते, की तो परत मिळायचा नाही. त्याने तो दिला होता. त्याच्याकडून उधार घेतलेला नव्हता. दिलेले आणि उधार घेतलेले यांत फंडाने कधी घोळ केला नाही.

टिळक १९१४च्या जूनमध्ये सुटून आले. १९१६ साली साठाव्या वाढदिवसाला लोकांनी गायकवाड वाड्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली दिली; ती त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. विलायतेत चिरोलवर केलेला दावा ते १९१९ साली हरले आणि मोठा खर्च अंगावर पडला, तेव्हा लोकांनी पुन्हा वर्गणी काढून तो भागवला. १ ऑगस्ट १९२०ला मुंबईत सरदारगृहात ते गेले. चार वर्षांनी, १९२४ साली, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते मंडईतला हा पुतळा बसला.

एवढे सांगून झाल्यावर भाचा गप्प होता. मग त्याने विचारले, की हे सगळे इतके मनाला लावून का सांगतोस? तेव्हा मी त्याला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

बँकेत लागण्यापूर्वी मी आणि एका मित्राने शुक्रवार पेठेत, मंडईपासून हाकेच्या अंतरावर, छोटा छापखाना काढला होता. एक ट्रेडल मशीन, थोडे खिळे. लग्नपत्रिका, बिलबुके, गणपतीच्या मंडळांच्या पावत्या. चार वर्षे चालवला, मग आमचे पटेना. वाटणी मी मांडली. मशीन माझ्या वाट्याला घेतले आणि महिन्याभरात विकले. जागेचे भाडे आणि कागदवाल्याची उधारी मित्राकडे गेली, कारण गिऱ्हाईके त्याच्या ओळखीची होती आणि धंदा त्याला पुढे चालवायचा होता. कागदावर वाटणी बरोबर दिसत होती. मशीनशिवाय छापखाना कसा चालवतात, हे मी त्याला विचारले नाही. मी बँकेत चिकटलो. त्याने बाहेरून कामे छापून आणून पाच वर्षांत कागदवाल्याचा पैसा न् पैसा फेडला. पुढे कधी मंडईत भेटला तर हसायचा, चहा पाजायचा, एक शब्द बोलायचा नाही. सात वर्षांपूर्वी तो वारला. केसरीची वाटणी मी शाळेपासून ऐकत आलो होतो. तिचा अर्थ मला तिरडी बांधताना कळला.

बँकेत मग तीस वर्षे मी लोकांना थकबाकीची पत्रे पाठवली. एकदाही स्वतःला पाठवले नाही.

मी भाच्याला सांगितले, धंदा बदलण्यात काही पाप नाही. भाजी सोडून प्रणाली धरा. टिळकांनी कॉलेज सोडून पत्र धरलेच की. गुंतवणूकदाराचा पैसाही घ्या. पण नव्या कंपनीच्या पहिल्या पानावर त्रेचाळीस नावे आली पाहिजेत. गुंतवणूकदार हो म्हणाला तर तो तुमच्याबरोबर राहील असा माणूस आहे. नाही म्हणाला, तर तेही पैसे घेण्यापूर्वी कळलेले बरे. आणि माझ्याकडून मिळेल ते त्या यादीसाठी मिळेल, नव्या कंपनीच्या हिश्शासाठी नाही. ते मी देईन ते परत नको.

तो बराच वेळ पुतळ्याच्या चबुतऱ्याकडे पाहत उभा राहिला. बाकीचे दोघे ऐकणार नाहीत, म्हणाला. मी म्हटले, तिसरा आहे ना तुझ्याबरोबर. मग त्याने मोबाइल काढला. आम्ही मंडईच्या पायरीवर बसलो आणि त्याने एकेक नाव वाचायला सुरुवात केली, गाव, रक्कम, किती महिन्यांची. मी गवारीच्या पिशवीतून भाजीचे बिल काढले आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बेरीज मांडू लागलो. सतराव्या नावापाशी कागद संपला. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी न विचारताच त्यांच्या वहीचे एक पान फाडून दिले.